शेजारच्या यंत्रावरचा धर्मप्रचारक

मिशनरी हा शब्द उच्चारला की आपल्यापुढे एक ठराविक चित्र उभे राहते. अंगात लांब झगा, हातात पुस्तक, मागे शाळा नाहीतर दवाखाना आणि पाठीशी दूरदेशची वर्गणी. हा मनुष्य पोटासाठी आलेला नाही, धर्म सांगण्यासाठी आलेला आहे, हे त्याच्याकडे पाहताच कळते. परंतु मिशनऱ्यांचा आणखी एक प्रकार आहे, आणि त्याची ओळख आपणांस फारशी नाही. तो सकाळी डबा घेऊन कामावर जातो, भोंग्याला हजर होतो, पगाराच्या दिवशी इतरांच्याच रांगेत उभा राहतो. धर्मकार्य त्याने सोडलेले नसते. ते त्याने आपल्या नोकरीत नेलेले असते. कारकून, यंत्रावरचे कामगार, शिवणकाम करणाऱ्या मुली, शिक्षक, डॉक्टर अशा माणसांना त्यांच्या धंद्यातच ठेवून धर्मकार्याचे शिक्षण देण्याचे जे प्रयत्न युरोपात झाले, त्यांचा इतिहास आज आम्हांस सांगावयाचा आहे.

एका कामगार संघटकाने हा विषय का घ्यावा, असे आपण विचाराल. आम्ही त्या धर्माचे नाही, आणि धर्मशास्त्राचे आमचे शिक्षणही नाही. आमची शाळा लवकर सुटली; पुढचे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीतील कपाटाने आणि गावच्या वाचनालयाने शिकविले. पण कारखान्याच्या दारात उभे राहून माणसाला आपला विचार पटविणे हाच आमचा आयुष्यभराचा उद्योग आहे. विचार कोणी सांगितला, कोठे उभे राहून सांगितला, ऐकणाऱ्याला नाही म्हणण्याची मोकळीक होती की नव्हती, या गोष्टींवर त्या विचाराचे पुढे काय होते हे ठरते, असे आम्ही रोज पाहतो. ख्रिस्ती मिशनने हाच प्रयोग आमच्याही आधी आणि फार मोठ्या प्रमाणावर करून पाहिला आहे. त्याच्या यशात आणि अपयशात आपल्याला शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

१

या गोष्टीचा आरंभ पौलापासून करतात. पौल तार्सस गावचा शिकलेला यहुदी, आणि तंबू बनविणे हा त्याचा धंदा. बायबलातील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात तो करिंथ शहरी आल्याची हकीकत आहे. सम्राट क्लौद्याने यहुद्यांना रोममधून घालवून दिले होते. त्या निर्वासितांपैकी अक्विल्ला आणि त्याची बायको प्रिस्किल्ला हे जोडपे करिंथास येऊन राहिले होते. त्यांचाही धंदा तोच. पौल त्यांच्याकडे उतरला आणि त्यांच्याबरोबर काम करू लागला. आपला भार कोणावर पडू नये म्हणून आपण रात्रंदिवस राबलो, असे त्याने आपल्या पत्रांतून आवर्जून लिहिले आहे. धंदा करून धर्मप्रचार करणाऱ्यांना आजही ख्रिस्ती जगात 'तंबू शिवणारे' म्हणतात ते यावरूनच.

आपल्या ओळखीचा असा एक तंबू शिवणारा म्हणजे विल्यम कॅरी. हा इंग्लंडातील चांभारकाम करणारा मनुष्य. जोडे शिवता शिवता त्याने भाषा शिकून घेतल्या. १७९३ साली तो कलकत्त्यास उतरला तेव्हा कंपनी सरकारला मिशनरी नको होते, आणि त्याच्या खिशात पैसा नव्हता. १७९४ साली उत्तर बंगालमधील मदनाबाटी येथे निळीच्या कारखान्याची व्यवस्था पाहण्याची नोकरी त्याने धरली आणि त्या पगारावर आपले काम चालविले. पुढे श्रीरामपूरला गेल्यावर फोर्ट विल्यम कॉलेजात तो बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवीत असे व पगार मिशनच्या सामाईक पेटीत टाकीत असे. १८०५ साली त्याने मराठीचे व्याकरण छापले, १८१० साली कोश छापला. शाळा न लाभलेल्या माणसाने आपल्या भाषेची ही सेवा केली, याबद्दल आमच्यासारख्यास त्याच्याविषयी विशेष आपुलकी वाटते.

परंतु निळीच्या कारखान्याशी जरा थांबले पाहिजे. याच निळीने पुढे बंगालच्या रयतेच्या गळ्याला फास लावला. सक्तीची पेरणी आणि पिढ्यान्‌पिढ्या न फिटणारी उचल यांना कंटाळून १८५९ साली रयतेने नीळ पेरण्यास नकार दिला. त्या जुलमावरचे दीनबंधू मित्र यांचे 'नीलदर्पण' हे नाटक इंग्रजीत छापविल्याबद्दल जेम्स लाँग या मिशनऱ्याला १८६१ साली एक महिन्याची कैद आणि हजार रुपये दंड झाला. म्हणजे एका मिशनऱ्याने निळीवर पोट भरले, तर दुसरा निळीपायी तुरुंगात गेला. कॅरीच्या काळी पुढचे चित्र कोणाला दिसत नव्हते हे खरे. तथापि आपण धंद्यात प्रामाणिक आहोत एवढ्याने भागत नाही, तो धंदा कोणाच्या जिवावर चालतो हेही पाहावे लागते, ही गोष्ट या दोन नावांवरून ध्यानात येते.

याहून कठीण उदाहरण मोरेव्हियन पंथाचे आहे. जर्मनीतील हेर्नहूट या वसाहतीतून १७३२ साली लेओनहार्ड डोबर नावाचा कुंभार आणि डाव्हिड निट्‌शमान नावाचा सुतार वेस्ट इंडीजमधील सेंट थॉमस बेटाकडे निघाले. उसाच्या मळ्यांतील आफ्रिकन गुलामांना धर्म सांगावयाचा आणि हाताच्या कसबावर पोट भरावयाचे, हा त्यांचा बेत. हेतू इतका निर्मळ की त्याला नाव ठेवता येणार नाही. पण १७३८ साली मिशनने त्याच बेटावर मळा विकत घेतला, आणि मळ्याबरोबर गुलामही घेतले. सोबती म्हणून निघालेले मिशन सहा वर्षांत धनी झाले.

मंगळूरच्या बासेल मिशनची गोष्ट इतकी कठोर नाही, तरी तिचा रोख तोच आहे. धर्मांतर केलेल्या माणसाची जात सुटे, आणि जातीबरोबर धंदाही सुटे. त्याला काम देणे मिशनला भागच होते. विणकामाचे कारखाने निघाले; १८६५ साली प्लेब्स्ट या मिशनऱ्याने जेप्पू येथे कौलांचा कारखाना काढला. कोकणात घराघरांवर चढलेले मंगळुरी कौल ते हेच. काम चांगले, माल चोख, उपाशी माणसाला भाकरी मिळाली. हे सर्व मान्य केले पाहिजे. परंतु रविवारी प्रवचन देणारा आणि शनिवारी मजुरी वाटणारा ही दोन्ही माणसे एकाच मिशनची. अशा ठिकाणी मजूर मान डोलावतो ती प्रवचनाला की मजुरीला, हे कोणी ओळखावे?

२

हा प्रश्न ज्याने मुळातून विचारला तो मनुष्य बेल्जमचा. जोसेफ कार्डाइन त्याचे नाव. १८८२ साली ब्रुसेल्सच्या स्कारबेक भागात त्याचा जन्म झाला, आणि जवळच्या हाल गावी तो वाढला. आई पूर्वी लोकांच्या घरी कामाला असे. वडील कोळशाचा लहानसा धंदा करीत. त्या देशात १८८९ सालच्या कायद्याने बारा वर्षांखालील मुलांना कारखान्यात घेण्यास बंदी झाली होती. याचा दुसरा अर्थ असा की बारावे सरले की गरिबाचे पोर कारखान्यात जाई. कार्डाइनचे वर्गसोबती असेच गेले. तो मात्र पाद्री होण्याच्या शाळेत गेला.

सुटीत घरी आल्यावर त्याला जे दिसले ते तो जन्मभर सांगत असे. कालपर्यंत बरोबर खेळणारी मुले त्याच्याकडे पाहीनात. त्यांच्या लेखी तो आता पलीकडच्या बाजूचा झाला होता. साहेबांच्या, मालकांच्या बाजूचा. या सोबत्यांचा धर्म कोणा नास्तिकाने वाद घालून काढून घेतलेला नव्हता. पहाटेपासून रात्रीपर्यंतच्या कामाने, फोरमनच्या शिव्यांनी, आणि देवळाच्या पुढल्या बाकावर मालकच बसलेला पाहून तो आपोआप गळून पडला होता. १९०३ साली वडील वारले. मुलाच्या शिक्षणासाठी ते अखेरपर्यंत राबले होते. आपले आयुष्य कामकरी वर्गासाठी द्यावयाचे, असा निश्चय कार्डाइनने त्यांच्या मृत्युशय्येशी केला, आणि १९०६ साली तो पाद्री झाला.

१९११ साली तो इंग्लंडला गेला व तेथे बेन टिलेटला भेटला. गोदी कामगारांचा हा पुढारी आमच्या चळवळीत आदराने घेतले जाणारे नाव आहे. १८८९ च्या लंडन गोदीच्या संपात तासाला सहा पेन्स हा दर मिळविण्यात त्याचा मोठा वाटा होता. त्या संपात तडजोड घडवून आणण्यासाठी वयोवृद्ध कार्डिनल मॅनिंग मध्ये पडले होते. इंग्लंडात कार्डाइनने संघटित मजूर पाहिला. स्वतःची सभा स्वतः चालविणारा, स्वतःचा हिशेब स्वतः ठेवणारा.

१९१२ साली त्याची नेमणूक ब्रुसेल्सच्या लाकेन भागात झाली. एका अंगाला राजवाडा, दुसऱ्या अंगाला मजूरवस्ती. येथे त्याने शिवणकाम करणाऱ्या आणि कारखान्यांत जाणाऱ्या मुलींची लहान लहान मंडळे सुरू केली. पहिले महायुद्ध आले. बेल्जियन कामगारांना जर्मनीत सक्तीने नेण्याविरुद्ध बोलल्याबद्दल जर्मनांनी त्याला तुरुंगात घातले. युद्ध संपल्यावर, १९१९ साली, फेर्नां टोने, पोल गार्से आणि जाक मेर या नोकरीपेशाच्या तीन तरुणांना हाताशी धरून त्याने तरुण कामगारांची संघटना उभी केली. १९२४ च्या सुमारास तिला 'ख्रिस्ती तरुण कामगार' हे नाव मिळाले, आणि १९२५ साली तिचे पहिले राष्ट्रीय अधिवेशन ब्रुसेल्स येथे भरले. फ्रेंच नावाच्या आद्याक्षरांवरून लोक तिला 'जॉक' म्हणत. आपणही तसेच म्हणू.

३

आता या संघटनेचे शिक्षण कसे चाले ते पाहू, कारण आमच्या मते तिचे सारे वैशिष्ट्य त्यातच आहे.

पहिली गोष्ट, शिकणाऱ्याला त्याच्या जागेवरून उठविले नाही. हुशार पोरगा हेरावा, त्याला चार वर्षे मठात शिकवावे, आणि मग उपदेशक म्हणून परत धाडावे, ही जुनी रीत. कार्डाइनचे म्हणणे असे की चार वर्षांनी परत येतो तो कामगार नसतोच. आपले स्वतःचे जे झाले तेच त्याचे होते. म्हणून तरुणाने आपल्या यंत्रावरच राहावे, आणि शिक्षण त्याच्याकडे यावे.

दुसरी गोष्ट, शिक्षणाचा आरंभ धर्मग्रंथापासून नव्हे, चौकशीपासून होई. आठदहा जणांचे मंडळ, प्रत्येकाजवळ एक लहान वही. तुझ्या शेजारी कोण काम करतो? तो कितव्या वर्षी कामाला लागला? पहिल्या दिवशी त्याला काम कोणी दाखविले? जेवणाच्या सुटीत कशाच्या गप्पा होतात? नव्या मुलीची थट्टा कोण करतो, आणि ती कोण थांबवितो? अशा धर्तीचे प्रश्न असत. उत्तर अंदाजाने द्यावयाचे नाही. आठवडाभर पाहावयाचे, विचारावयाचे, आणि वहीत टिपून आणावयाचे.

तिसरी गोष्ट म्हणजे पाहा, पारखा, करा ही तीन पावले. आणलेली हकीकत सर्वांनी ऐकावयाची. ती न्यायाची की अन्यायाची, माणसाच्या थोरवीला शोभणारी की न शोभणारी, हे आपल्या श्रद्धेच्या कसोटीवर पारखावयाचे. आणि उठण्यापूर्वी प्रत्येकाने एक काम पत्करावयाचे. काम लहानसेच असे. नव्या पोराला पहिल्या दिवशी सोबत करणे, आजाऱ्याच्या घरी जाणे, धुण्याच्या जागेबद्दल फोरमनशी बोलणे. पण पुढच्या बैठकीत विचारले जाई की ते झाले काय? न झाल्यास का नाही? पोप तेविसावे जॉन यांनी १९६१ सालच्या आपल्या सामाजिक पत्रकात या तीन पावलांची शिफारस केली, आणि ती रीत सर्व कॅथलिक जगात गेली.

चौथी गोष्ट, बैठक तरुण स्वतः चालवीत. पाद्री सल्लागार म्हणून बाजूला बसे. ज्याला वर्गात कधी तोंड उघडू दिले नव्हते तो सोळा वर्षांचा पोरगा येथे अध्यक्ष होई, टाचण लिही, पैशाचा हिशेब देई.

आम्ही पुष्कळ अभ्यासवर्ग पाहिले आहेत, काही चालविलेही आहेत. वक्ता शहरातून येतो, भांडवलशाहीचा इतिहास दीड तास सांगतो, टाळ्या होतात, आणि दुसऱ्या दिवशी खात्यात सारे पूर्ववत असते. त्या वक्त्याच्या विद्वत्तेत उणे नसते. ऐकणाऱ्याला काही विचारलेले नसते, एवढेच. कार्डाइनच्या वहीची किंमत आमच्यासारख्याला म्हणूनच चटकन समजते.

या चळवळीला विरोध दोन्ही बाजूंनी झाला. चर्चमधील वरिष्ठांना भीती वाटली की कामगार तरुणांची वेगळी संघटना काढल्याने चर्चमध्येच वर्गभेद शिरेल. खुद्द कार्डिनल मेर्सिये साशंक होते. १९२५ साली कार्डाइन रोमला जाऊन पोप अकरावे पायस यांना भेटला, आणि तेथे आधार मिळाला तेव्हाच मार्ग मोकळा झाला. समाजवाद्यांचा आक्षेप वेगळा होता: कामगारांत धर्मावरून फूट पाडण्याचा हा डाव आहे. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. बेल्जममध्ये ख्रिस्ती आणि समाजवादी अशा दोन कामगार संघटना समोरासमोर उभ्या राहिल्या, त्यांची मध्यवर्ती मंडळे आजही वेगळी आहेत, आणि एका दारावर दोन झेंडे असले की मालकाला किती सोयीचे होते हे आम्हांस कोणी सांगावयास नको.

तथापि याच शिक्षणातून उलट वाहणारा प्रवाहही निघाला. जॉर्ज गेरँ या पाद्र्याने १९२७ साली पॅरिसजवळच्या क्लिशी येथे फ्रान्समधील जॉक सुरू केली. तिच्यात तयार झालेला, पोलादाच्या कारखान्यात काम केलेला एजेन देकां पुढे ख्रिस्ती कामगारांच्या मध्यवर्ती संघटनेचा सरचिटणीस झाला. आणि १९६४ च्या नोव्हेंबरात त्याच संघटनेने बहुमताने ठराव करून आपल्या नावातील 'ख्रिस्ती' हा शब्द काढून टाकला. सर्व कामगारांना दार मोकळे व्हावे म्हणून. थोडे सभासद जुने नाव धरून वेगळे राहिले. शेजारच्या यंत्रावर खरोखरच कोण उभा आहे हे पाहण्याची सवय ज्यांना लागली, त्यांना संघटनेच्या दारावर धर्माची पाटी अडचणीची वाटू लागली, असा याचा अर्थ आम्ही करतो.

या शिक्षणाची परीक्षा दुसऱ्या महायुद्धात झाली. टोने आणि गार्से, कार्डाइनचे ते पहिले सोबती, १९४५ च्या आरंभी डाखाउच्या छळछावणीत मरण पावले. फ्रान्समधील रेन शहरचा मार्सेल कालो हा छापखान्यातील जुळारी, जॉकचा कार्यकर्ता. १९४३ साली त्याला सक्तीच्या कामासाठी जर्मनीत नेले. तेथल्या कारखान्यात त्याने आपल्या देशबंधूंची मंडळे जमविली. आजाऱ्यांची विचारपूस, खेळ, नाटके, प्रार्थना सुरू केल्या. एवढ्याच अपराधाबद्दल १९४४ साली गेस्टापोने त्याला पकडले. १९ मार्च १९४५ रोजी माउथहाउझेनच्या छावणीत त्याचा अंत झाला, वय तेवीस. १९८७ साली चर्चने त्याला धन्य ही पदवी दिली. हा मुलगा कोणत्याही मठात शिकलेला नव्हता. त्याची पाठशाळा म्हणजे छापखाना आणि आठवड्याची बैठक.

४

कार्डाइनच्या मंडळांत राहून काही पाद्र्यांच्याच मनात वेगळा विचार आला. कामगाराला कामगारानेच सांगावे हे खरे असेल, तर आपणच कामगार का होऊ नये?

१९४३ साली आँरी गोदँ आणि इव्हां दानियेल या दोन पाद्र्यांनी एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या नावातच प्रश्न होता, की फ्रान्स हाच आता मिशनचा देश झाला आहे काय. गोदँ जॉकमध्ये काम केलेला मनुष्य. त्याने दाखवून दिले की पॅरिसभोवतीच्या मजूरवस्त्यांत ख्रिस्ती धर्म आफ्रिकेइतकाच परका झाला आहे. आर्चबिशप सुआर यांनी ते वाचले आणि पॅरिसच्या मिशनला मान्यता दिली. काम सुरू होते न होते तोच, १९४४ च्या जानेवारीत, खोलीतील शेगडीच्या विषारी धुराने गोदँ झोपेतच गेला.

त्याच काळात लाखो फ्रेंच तरुण सक्तीने जर्मनीत नेले जात होते. त्यांच्याबरोबर धर्मगुरू पाठविण्यास जर्मनांनी नकार दिला, तेव्हा वीसपंचवीस पाद्री साधे कामगार म्हणून गुप्तपणे गेले. आँरी पेरँ हा त्यांपैकी एक. लाइपत्सिगला कारखान्यात राबला, पकडला गेला, तुरुंगात राहिला आणि परत आला. तिकडे मार्सेय बंदरात जाक ल्यू हा डोमिनिकन १९४१ पासूनच गोदीत ओझी वाहत होता. युद्धानंतर ही संख्या हळूहळू वाढून शंभराच्या घरात गेली. मोटारींचे कारखाने, गोद्या, खाणी, धरणे अशा ठिकाणी ही माणसे कामाला लागली. मजूरवस्तीत राहू लागली आणि आपल्या मजुरीवर जगू लागली. १९५१ च्या एप्रिलात बोर्दोच्या गोदीत मिशेल फाव्हरो हा तरुण पाद्री-कामगार लाकडाच्या ओझ्याखाली सापडून मेला. अपघाताने पाद्री आणि मजूर असा भेद केला नाही.

आणि मग व्हावयाचे ते झाले. जो मनुष्य खरोखर कामगार होतो, त्याच्यापुढे संप येतो. संपात उभे राहावे की नाही? सोबत्यांनी संघटनेचे पद देऊ केले तर घ्यावे की नाही? त्या काळी फ्रान्समधील सर्वांत मोठी कामगार संघटना कम्युनिस्टांच्या प्रभावाखाली होती, आणि १९४९ साली रोमने कम्युनिस्टांशी सहकार्य करणाऱ्यांविरुद्ध फर्मान काढले होते. पुष्कळ पाद्री-कामगार त्याच संघटनेत गेले, कारण त्यांचे सोबती तेथेच होते. कित्येकांना सोबत्यांनी पदाधिकारी निवडले.

रोमने १९५३ साली हात आवळण्यास आरंभ केला. फ्रेंच बिशपांनी पाद्र्यांना कळविले की १ मार्च १९५४ पूर्वी पूर्ण वेळचे काम सोडावे, संघटनेच्या जबाबदाऱ्या सोडाव्यात. हाताचे काम करावयाचेच तर दिवसाला फार तर तीन तास. या तीन तासांपाशी आमच्यासारखा वाचक थबकतो. कोणत्या कारखान्यात तीन तासांचा कामगार असतो? तीन तास येतो तो पाहुणा. त्याला मुकादमाची भीती नाही, पाळीचा थकवा नाही, बडतर्फीचा धाक नाही. आज्ञा देणाऱ्यांना ते समजले नसेल असे नाही. पाद्र्याने पाहुणाच राहावे असेच त्यांना वाटत असले पाहिजे. सुमारे निम्म्यांनी आज्ञा मानली आणि ते दुःखाने परतले. बाकीच्यांनी आपल्या सोबत्यांना सोडण्याचे नाकारले, आणि चर्चच्या लेखी ते बंडखोर ठरले. दोन्हींकडच्या माणसांनी आयुष्य पणाला लावले होते. यांपैकी कोणाला भित्रा अगर विश्वासघातकी म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. १९५९ साली रोमने उरलेसुरले कामही बंद केले. सहाच वर्षांनी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या अखेरीस, १९६५ च्या ऑक्टोबरात, पुन्हा परवानगी दिली. त्याच वर्षी म्हाताऱ्या कार्डाइनलाही कार्डिनल करण्यात आले. १९६७ साली तो वारला.

५

यानंतर ही कल्पना कारखान्याबाहेर पसरली. शिक्षक, इंजिनियर, डॉक्टर, व्यापारी अशा पेशेवाल्यांना परदेशी नोकरी धरून धर्मकार्य करण्यास तयार करणारी शिबिरे आणि विद्यालये, विशेषतः प्रॉटेस्टंट पंथांत, निघाली. क्रिस्टी विल्सन हा अमेरिकन पाद्री १९५१ साली अफगाणिस्तानात शिक्षक म्हणून गेला, १९७३ साली त्याला तेथून जावे लागले, आणि १९७९ साली त्याने आजच्या तंबू शिवणाऱ्यांवर पुस्तक लिहिले. जेथे मिशनरीला परवाना नाही तेथे पेशेवाल्याला मिळतो, हा हिशेब त्या विचारामागे उघडच आहे.

येथे आम्हांस जे वाटते ते स्पष्ट सांगितले पाहिजे. पेशा हा प्रवेशाचा परवाना झाला की पेशाही बिघडतो आणि प्रचारही. डॉक्टरापुढे रोगी येतो तो निजलेला असतो. मास्तरापुढे मूल असते, साहेबापुढे हाताखालचा कारकून असतो. यांना नाही म्हणण्याची मोकळीक नसते. यांच्यापुढे मांडलेला विचार कितीही उदात्त असला तरी त्याला दडपणाचा वास येतो, मग तो विचार येशूचा असो, मार्क्सचा असो की आणखी कोणाचा. १९६८ च्या सुमारास फ्रान्समधील कित्येक माओवादी विद्यार्थी कामगार म्हणून कारखान्यांत शिरले. त्यांपैकी रोबेर लिनार याने सित्रोएनच्या कारखान्यातील आपल्या वर्षाची हकीकत १९७८ साली प्रसिद्ध केली. त्यांच्यापुढेही हाच पेच होता: सोबती व्हावयाचे की शिकवावयाचे? तेव्हा हा प्रश्न एका धर्माचा नाही. आमच्या चळवळीलाही तो लागू आहे.

या साऱ्या इतिहासातून आम्ही तीन कसोट्या काढतो. पहिली, ते काम खरे आहे काय. म्हणजे ते गेले तर त्या माणसाची चूल विझेल काय, आणि यंत्रात हात सापडला तर तो त्याचाच असेल काय. दुसरी, आपण कोण आहोत हे सोबत्यांना तो सांगतो काय. जर्मनीत लपून गेलेले पाद्री जुलमी सत्तेपासून लपले होते, सोबत्यांपासून फार काळ नाही. हा फरक मोठा आहे. तिसरी आणि सर्वांत अवघड, सोबत्यांचा प्रश्न ऐकून घेऊन तो आपल्या वरिष्ठांपुढे नेण्याची त्याची तयारी आहे काय. सेंट थॉमसचे मिशन मळा घेऊन धनी बनले तेव्हा या कसोटीला उतरले नाही. मंगळूरचे मिशन भाकरी देऊनही निम्म्यातच अडले. कार्डाइनचे तरुण आणि फ्रान्सचे पाद्री-कामगार पुष्कळ अंशी उतरले, आणि म्हणूनच त्यांच्या वरिष्ठांना ते अवघड झाले.

येथे जमलेल्यांत बँकेतील आहेत, कचेऱ्यांतील आहेत, औद्योगिक वसाहतीतील आहेत, शिक्षक आहेत. आपापल्या जागी प्रत्येकाजवळ सांगण्यासारखे काही ना काही असते. कोणाचा धर्म, कोणाचा पक्ष, कोणाची समाजसेवा. ते सांगण्यापूर्वी कार्डाइनच्या वहीतला एकच प्रश्न आपण उद्या विचारून पाहावा, अशी आमची विनंती आहे. अलीकडे आपल्या खात्यात जो सर्वांत नवा मनुष्य आला, बहुधा कंत्राटावर आला असेल, त्याला पहिल्या दिवशी काम कोणी दाखविले? याचे उत्तर आपल्याला ठाऊक नसेल, तर आधी त्याच्याजवळ जाऊन बसावे आणि विचारावे.